तळ्याकाठचं वर्ष

“तिला सांग, चारच वर्षं करायची. तीन नाहीत, चार. आणि माझं नाव मध्ये आणू नकोस.”

हे स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे होते. अमेरिकेतल्या त्या उन्हाळ्यात खालून वर आलं की ह्यांना असं टेकावं लागे. मी दशम्या फडक्यात बांधत होते. मान वर केली, पण बोलले नाही. बोलणार कशी? चातुर्मास लागून नऊ दिवस झाले होते आणि त्या वर्षी माझा नेम मौनाचा होता. सकाळच्या अंघोळीपासून दुपारचे बारा वाजेपर्यंत. खुणा चालत, लिहिणं चालत नसे. लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच, असं सासूबाई म्हणायच्या, आणि नेमधर्म मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

“तुला आत्ता नाही म्हणता येत नाही, म्हणूनच आत्ता सांगतोय,” हे म्हणाले आणि हसले. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी पाण्याचा पेला धरून उभी राहिले.

मग मी फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. विद्यापीठाच्या सल्लागार बाईंची भेटीची वेळ त्यावर होती.

“साडेअकरा? अगं, मग बाराला मौन सुटून उपयोग काय!”

मी खांदे उडवले. तेवढ्यात खालून गाडीचा भोंगा वाजला. “आई, चल ना! पार्किंग मिळणार नाही मग!”

“कसंही कर,” हे घाईने म्हणाले. “पण तीन वर्षांच्या कागदावर तिची सही होऊ देऊ नकोस.”

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा मिनेसोटात होतो. तिथे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे काही विषय घेता येतात. एपी म्हणतात त्यांना. वर्षाच्या शेवटी त्यांची वेगळी परीक्षा, पाचपैकी गुण. चार किंवा पाच पडले की पुढे विद्यापीठ त्या विषयाचे क्रेडिट देतं, म्हणजे तो विषय पदवीपुरता झाला असं धरतं. मृण्मयी नववीत गेली तेव्हाच ह्यांनी फ्रिजवर तक्ता लावला होता. सात विषय, सात परीक्षा, बत्तीस क्रेडिट. पदवीला लागतात एकशेवीस. “एक अख्खं वर्ष खिशात!” हे येईल त्या पाहुण्याला तो तक्ता दाखवायचे. मृणू वैतागायची. “बाबा, लोक इथे बर्फ घ्यायला येतात.”

सातही परीक्षा तिने दिल्या आणि बत्तीसच्या बत्तीस क्रेडिट मिळवले. पण हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी, मार्चमध्ये, डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. तीन वर्षं. चार मिळाली तर नशीब. गाडीत बसल्यावर हे मला म्हणाले, “मृणूला यातलं काही कळता कामा नये.” आणि त्या आठवड्यात फ्रिजवरचा तक्ता ह्यांनी स्वतःच्या हाताने काढला.

का काढला ते मला ठाऊक होतं. मृणूला दहाव्या वर्षापासून शेवाळाचं वेड. दगडावरचं, झाडाच्या बुंध्यावरचं, आमच्या मागच्या पायरीवरचंसुद्धा. पायरी घासायची म्हटलं की भांडायला उठायची. विद्यापीठाचं उत्तरेला एका तळ्याकाठी केंद्र होतं. वनस्पतिशास्त्राची मुलं चौथ्या वर्षी तिथे राहत, बर्फ पडतानाही आणि वितळतानाही. त्याचं माहितीपत्रक तिने इतकं वाचलं होतं की घड्यांवर फाटलं होतं. सगळे क्रेडिट पदवीत धरले तर तिसऱ्या वर्षी पदवी. मग चौथं वर्षच नाही, आणि तळंही नाही.

“आपल्यापायी तिचं वर्ष जायला नको,” एवढंच हे म्हणाले होते.

तर त्या सकाळी मृणू गाडी चालवत होती आणि मी शेजारी, ओच्यात जपमाळ घेऊन. दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. तिच्या मैत्रिणीचा फोन आला. “हो, आई आहे शेजारी. पण ती म्यूटवर आहे, बारापर्यंत,” असं सांगून ती हसली. फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती गाडी चालवत राहिली.

“आई, तू आज बोलू शकत नाहीस ना, म्हणून सांगते,” ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. एका सकाळी दोघांनी मला तेच ऐकवलं होतं.

“मला माहितेय, बाबाचं. एप्रिलपासून माहितेय. तो प्रिंट काढतो आणि शेवटचं पान प्रिंटरमध्येच विसरतो. नेहमीच विसरतो. त्या पानावर होतं सगळं. मी वाचलं आणि जसं होतं तसं उलटं ठेवून दिलं.”

माझ्या हातातली माळ थांबली.

“अशी नको बघूस ना. मी ठीक आहे. रडून झालंय माझं, शाळेच्या बाथरूममध्ये.” तिने नाक ओढलं. “तर मी आज सगळे क्रेडिट धरायला सांगणारे. तीन वर्षांत पदवी. बाबा पहिल्या रांगेत बसेल आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगेल, सात परीक्षा, सातही पाच. चार वर्षं केली तर…” तिने आरशात मागे पाहिलं. “तळं कुठे जात नाही, आई. तळी जात नाहीत कुठे.”

मी तिच्या हातावर हात ठेवला.

“हात काढ, वळण आहे.” मग हळूच म्हणाली, “आणि मला कळलंय हे बाबाला सांगू नकोस. शपथ नाही घालत. तू शपथा फार मनावर घेतेस.”

उरलेला रस्ता मी जप करत होते म्हणावं, तर माळेतले मणी नुसते सरकत होते. मनात एकच चाललं होतं. हे म्हणतात सही होऊ देऊ नकोस. ही सही करायलाच निघाली आहे. दोघंही एकमेकांसाठीच करताहेत आणि दोघांनीही मलाच गप्प राहायला सांगितलं आहे.

सल्लागार बाईंचं नाव हॅल्व्हरसन. साठीच्या, पांढरे केस कानामागे सारलेले. खिडकीत निवडुंगाच्या दहा-बारा कुंड्या. दाराच्या वर मोठं गोल घड्याळ. आम्ही बसलो तेव्हा अकरा पस्तीस झाले होते.

“मिसेस आठल्ये, काही पाणी, कॉफी?” त्यांनी मला विचारलं.

मी हात जोडून नको म्हटलं.

“आई बारापर्यंत बोलत नाही,” मृणू म्हणाली. “धार्मिक नेम आहे तिचा.”

“रोज?” बाईंनी भुवया उंचावल्या. “माझ्या नवऱ्याला तुमचा पत्ता देऊ का?” आणि स्वतःच मोठ्याने हसल्या. मग त्यांनी एक कागद मृणूपुढे सरकवला. त्यावर दोन चौकोन होते. वरचा, परीक्षांचे क्रेडिट पदवीत धरावेत. खालचा, धरू नयेत.

“एकदा सही केलीस की बदलता येत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून मी मुलांना घाई करू देत नाही. वरच्या चौकोनाने तू तीन वर्षांत सुटतेस. पण तुझ्या अर्जात तळ्यावरच्या केंद्राबद्दल दीड पान आहे. मी वाचलंय ते. शेवाळाबद्दल इतकं प्रेमाने कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. ते सोडतेस?”

“हो.”

“का, विचारू?”

“घरची अडचण आहे.” मृणूचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पेनाचं टोपण ती सारखी काढत-घालत होती. “वरचाच चौकोन. नक्की.”

मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा चाळीस. वीस मिनिटं. पर्स पाडावी का? घेरी आल्यासारखं करावं का? असले विचार मनात येऊन गेले, देवाशप्पथ. पण मौन सांभाळायला सोंग करायचं, तर मौन कशाला? मृणूने पेन टेकवलं.

“थांब,” मी म्हटलं.

सकाळपासून न वापरलेला आवाज. माझाच मला ओळखू आला नाही.

मृणू दचकली. “आई! अजून वीस मिनिटं आहेत!”

“असू देत.” मी बाईंकडे वळले. इंग्रजी मला घाईत नीट येत नाही, म्हणून सावकाश बोलले. “मला एक विचारायचं आहे. हिचा पदवीचा समारंभ तिसऱ्या वर्षी, आणि शिक्षण चौथ्या वर्षी संपेल, असं करता येतं का?”

“म्हणजे उलटं?”

“उलटं नाही. मध्येच.” कसं सांगावं? “आमच्यात बायका सोळा सोमवारांचं व्रत करतात. सोळा झाले की उद्यापन, म्हणजे पूजा, जेवण, घरचे-बाहेरचे सगळे जेवायला. माझ्या सासूबाईंनी उद्यापन नवव्या सोमवारीच केलं. त्यांचे सासरे फार आजारी होते आणि त्यांना त्या जेवणाची आस लागली होती. भटजींना विचारलं. ते म्हणाले, उद्यापन मध्ये केलं तरी चालतं, फक्त राहिलेलं व्रत सोडायचं नाही. ज्यांना जेवायला घालायचं, ते असताना घातलं. मग उरलेले सात सोमवार सासूबाईंनी केले. एकही चुकवला नाही.”

मृणू माझ्याकडे पाहत होती.

“तुला बाबाने काही सांगितलंय,” ती मराठीत म्हणाली.

“तुझ्या बाबांनी मला काही सांगितलंय आणि तू मला काही सांगितलंयस. मी कुणाचं कुणाला सांगितलेलं नाही. मी फक्त समारंभाचं विचारते आहे.”

हॅल्व्हरसनबाईंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी मृणूच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि कपाटातून एक जाडजूड वही काढली. पानं उलटली, चष्मा काढला, घातला. कुणाला तरी फोन केला. “हो, हो, नियम मला माहीत आहे, पण कुणी मागितलंय का आजवर?” असं दोनदा म्हणाल्या. मग फोन ठेवून आमच्याकडे वळल्या.

“ऐका. क्रेडिट धरले, तर एकशेवीसचा आकडा तिसऱ्या वर्षी भरतो. आकडा भरला की मे महिन्यात मंचावर नाव पुकारतात. विभागाची एखादी अट बाकी असली तरी पुकारतात. हिची तळ्याच्या वर्षाची अट आपण बाकी ठेवू. क्रेडिट धरूनही ते वर्ष ठेवायला विभागाची परवानगी लागेल, ते पत्र मी लिहीन. मंचावर हातात कागदाची गुंडाळी देतात. पदवी त्यात नसते.”

“रिकामी?” मृणूने विचारलं.

“अगं, सगळ्यांचीच रिकामी असते. खरे कागद नंतर टपालाने जातात. तुझा एक वर्षाने जाईल.” बाईंनी वही मिटली. “पण हे मी कुणाला आपणहून सुचवत नाही, मिसेस आठल्ये. सव्वीस वर्षं या खुर्चीत आहे. समारंभात टोपी हवेत उडाली की मुलं परत येत नाहीत. संपलं असं वाटतं त्यांना. नोकरी असते, लग्न असतं, घरी कुणी…” त्यांनी मृणूकडे पाहिलं. “बाकी राहिलेलं बाकीच राहतं. मग धड तीन वर्षांची पदवी नाही, धड चारांची नाही.”

मृणूने वरच्या चौकोनात खूण केली. खाली मोकळ्या जागेत बाईंनी दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या, तळ्याचं वर्ष बाकी. त्यावर दोघींच्या सह्या झाल्या. बाहेर आलो तेव्हा बाराचे टोले पडत होते.

“मोडलं ना तुझं मौन,” मृणू म्हणाली. “आता काय करतात?”

“उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नऊ दिवस पुढे वाढतील. थंडीत बोलायला तसंही कोण भेटतं इथे?”

ती तिथेच, त्या दगडी पायऱ्यांवर, माझ्या गळ्यात पडून रडली. आपण बाथरूममध्ये रडून घेतलंय असं सांगणारी मुलगी.

घरी पोचलो तेव्हा हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हते.

“काय मग?” मोघम विचारलं. “झाली का गाठभेट?”

मृणू आत गेली आणि एक कागद घेऊन बाहेर आली. ह्यांच्या तपासणीचं ताजं पान, प्रिंटरमध्ये विसरलेलं. ह्यांच्या मांडीवर ठेवलं. “बाबा, शेवटचं पान घ्यायचं असतं रे. किती वेळा सांगायचं?”

ह्यांनी पान पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

“एप्रिलपासून,” मृणू म्हणाली. आणि मग एका दमात सगळं सांगितलं, हॅल्व्हरसनबाई, वही, आकडा, मंच, रिकामी गुंडाळी, सासूबाईंचे सोमवार.

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग मला म्हणाले, “म्हणजे आमच्या आईला तू मिनेसोटाच्या विद्यापीठात नेलंस.”

“न्यावं लागलं.”

“आणि मौन?”

“मोडलं.”

“चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी सांगितलेलं काम केलंस, आणि तेही अर्धंच.” हे हसायला लागले, आणि या वेळी खोकला आला तरी हसतच राहिले. मग मृणूला जवळ बसवलं. “त्या बाई म्हणाल्या ते खरं आहे. मुलं परत जात नाहीत. आणि तू तर मुळीच जाणार नाहीस. मी इथे पडलेलो असेन आणि तू म्हणशील, पुढच्या वर्षी बघू.”

“नाही म्हणणार.”

“म्हणशील. तुझ्या जागी मी असतो तर म्हणालो असतो. म्हणून आत्ता सांग. मे महिन्यात टोपी घाल, मी टाळ्या वाजवीन, फोटो काढीन. ऑगस्टमध्ये तळ्यावर जायचं. मी कसा का असेना. उठून बसत असेन, नसेन, काहीही. जाणार?”

मृणू त्या तपासणीच्या पानाचा कोपरा दुमडत राहिली. ह्यांनी वाट पाहिली. मी देवापुढे वात लावायला उठले, पण तिथेच थांबले.

“आई, सांग ना त्याला,” ती म्हणाली.

“मी आज पुष्कळ बोलले,” मी म्हटलं.

मग खाली मान घालून, अगदी बारीक आवाजात मृणू म्हणाली, “जाईन.”

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात ह्यांच्या नाकाला नळी होती आणि खुर्चीला चाकं. पहिल्या रांगेच्या कडेला आम्हांला जागा दिली होती. ‘मृण्मयी दिगंबर आठल्ये’ हे नाव त्या पुकारणाऱ्या गृहस्थांनी तीन ठिकाणी तोडलं. हे टाळ्या वाजवत राहिले, बाकीच्यांच्या थांबल्या तरी. शेजारी एक शेतकरी जोडपं होतं, त्यांना सांगितलं, “सात परीक्षा. सातही पाच.” नंतर गवतावर मृणूने ती गुंडाळी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी रिबीन सोडली, आतला कोरा कागद उलटसुलट पाहिला आणि खिशातलं पेन काढून त्यावर लिहिलं, ‘पाहिलं.’ खाली सही आणि तारीख.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ह्यांना दोन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. घरी आणलं, पण बोलणं एकेका शब्दावर आलं. मृणूची बॅग भरलेली होती. त्या संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले तर कपडे पुन्हा कपाटात लावलेले, बॅग पलंगाखाली. ती खिडकीशी बसली होती. मला तिला म्हणायचं होतं, राहा. जन्मात काही एवढं म्हणावंसं वाटलं नसेल. मी तिच्या उशाशी दुधाचा पेला ठेवला आणि बाहेर आले.

पहाटे माझी पूजा चालली होती तेव्हा कपाटाचं दार वाजलं. मग चेन ओढल्याचा आवाज. मी उठले नाही. हातातली फुलं एकेक करून वाहिली, नेहमीच्याच क्रमाने, एकही गाळलं नाही.

ती बाहेर आली. हे झोपले होते, निदान डोळे मिटलेले होते. पांघरुणावरूनच तिने पायांना हात लावला आणि जागं केलं नाही. मला नमस्कार केला. मी तिच्या हातावर प्रसादाची साखर ठेवली. ती तोंडात टाकून तिने बॅग खांद्याला लावली आणि बूट हातात घेऊन दारापर्यंत अनवाणीच गेली. उंबऱ्यापाशी बसून बूट घातले. नाड्यांना दोन-दोन गाठी मारल्या. मग उठली आणि दव पडलेल्या गवतातून गाडीकडे चालू लागली.